मृत्युंजयेचं बारसं

"पाहुण्याच्या हातात पापड?" बाबा माझ्या कानाशी कुजबुजले.

"पाण्याबरोबर पापड देतात ह्यांच्यात. लग्नाला पाच वर्षं झाली बाबा, दर खेपेला तेच काय विचारता?"

"तसं नव्हे. शुभकार्याला आलोय. गूळ द्यावा, साखर द्यावी."

"खावा गप," आई पलीकडून म्हणाली आणि आपला पापड मोडून खायला लागली. आईला सिंधी पापड मनापासून आवडायचा. बाबांना आवडायचा की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ते नावं ठेवत ठेवत दोन संपवायचे.

ही गोष्ट माझ्या मुलीच्या बारशाची. तिला आता तीस वर्षं होत आली, आणि त्या दिवशीचे तिघंचौघं आता नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही.

कोल्हापूरशेजारी गांधीनगर म्हणून सिंधी लोकांची वस्ती आहे. सगळा कापडाचा बाजार. तिथं खाली दुकान आणि वर घर, अशा घरात मी पडले. पडले म्हणजे स्वतःच्या पायानं चालत जाऊन पडले, कारण मुरली चेतवानी माझ्याच वर्गात होता. घरात मुरली, माझ्या सासूबाई पोपटीबाई, ज्यांना सगळे मम्मी म्हणायचे, आणि सगळ्यांच्या वर माझे आजेसासरे, कौडोमल दादा. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. दादा फाळणीत शिकारपुराहून आले, वळिवड्याच्या छावणीत राहिले आणि सायकलवर कापडाचे तागे लादून कागल, मुरगूड, गारगोटी करत हिंडले. त्या हिंडण्यात ते अस्सल कोल्हापुरी मराठी शिकले. माझ्या बाबांपेक्षा अस्सल, कारण बाबा पुस्तकातलं बोलायचे.

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. श्री. धनंजय सासने. त्यांचं एक व्याख्यान होतं, 'नाव आणि संस्कार'. गडहिंग्लजपासून इस्लामपूरपर्यंत एकही व्याख्यानमाला त्यातून सुटलेली नाही. नावाला अर्थ हवा, अर्थातून संस्कार होतो, संस्कारातून माणूस घडतो, असं ते तासभर सांगायचे. मधे एक टाळीचं वाक्य होतं: "दगडू, धोंडू, केरू ही नावं म्हणजे आमच्या अडाणी आयाबायांनी समाजाच्या कपाळावर लावलेला डाग आहे." इथं टाळी पडायचीच. टाळी पडली की बाबा पाणी प्यायचे.

त्यांच्या संस्कारातून माझं नाव पडलं ऋतंभरा. हे मी मागितलेलं नव्हतं. दूधवाला रुतंबर म्हणायचा, हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी येऊन खोकायच्या. लग्नानंतर दादांनी एकदा म्हणून बघितलं, दोनदा बघितलं, मग पाणी पिऊन म्हणाले, "पोरी, रीटा चालंल का?" मी म्हटलं, पळेल. तेव्हापासून मी रीटा. बाबांच्या समोर कुणी रीटा म्हणालं की बाबांना त्या क्षणापुरतं ऐकू यायचं नाही.

माझ्या लग्नानंतर त्यांच्या व्याख्यानात सिंधी नावांवर एक नवा परिच्छेद आला. तो ते आमच्या घरी येऊनसुद्धा म्हणायचे, अगदी दादांच्या समोर. पोपटी हे काय बाईचं नाव आहे? पोपट पाळायचा असतो, नाव ठेवायचा नसतो. मम्मी हसून म्हणायच्या, "भाऊ, आमच्या सिंधीत पोपट म्हणजे फुलपाखरू." बाबा म्हणायचे, "असेल, पण लोकांना काय वाटेल?"

आता जे खरं सांगायचं ते सांगते. त्या बारशाआधी माझी दोन गेली होती. पहिलं जन्मालाच तसं आलं. दुसरा मुलगा नऊ दिवस होता. बाबांनी हॉस्पिटलच्या फोनवरच त्याचं नाव सांगितलं होतं, अक्षय. अक्षय म्हणजे ज्याचा क्षय होत नाही तो, असं मला फोनवर समजावून सांगितलं होतं. मला तो अर्थ पाठ झाला. मूल राहिलं नाही.

तिसरी ही. दोन महिने आधी आली, मुठीत मावेल एवढी. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती, आणि घरी आणताना डॉक्टर म्हणाले, "वजन वाढतंय, पण दूध पाजताना डोळ्यात तेल घालून बसा. घाई करू नका." मी रात्रंदिवस तिच्या छातीकडे बघत बसायचे, वरखाली होतेय का. ही जगेल का, एवढा एकच प्रश्न घरात होता आणि तेवढाच कुणी तोंडानं विचारत नव्हतं. म्हणून सगळे नावाबद्दल बोलत होते.

सिंध्यांत छठीला, म्हणजे सहाव्या दिवशी, नाव ठेवतात. आमच्यात बाराव्या दिवशी. दोन्ही दिवस काचेच्या पेटीतच गेले. शेवटी दादांनीच ठरवलं, पोर घरी आली की पहिल्या रविवारी दोन्ही एकदमच उरकू. तर त्या रविवारी हॉलमध्ये एका बाजूला झूलेलालचा फोटो, दुसऱ्या बाजूला आईनं आणलेला पाळणा, मधे घुगऱ्यांचं पातेलं आणि मम्मींनी केलेला लोला, म्हणजे सिंध्यांची जाड गोड पोळी. शेजारपाजारचं कुणी बोलावलं नव्हतं. दृष्ट लागेल म्हणून मम्मी नको म्हणाल्या होत्या, आणि 'अंधश्रद्धा म्हणून नव्हे, तर आरोग्याच्या कारणानं' बाबांनाही ते पटलं होतं.

नाव ठेवायचा मान आत्याचा, दोन्हीकडे. आत्या म्हणजे मुरलीची बहीण कांचन. ती दुबईला दिलेली. येताना तिनं पावडरचे डबे, खजूर आणि नाव अशा तीन वस्तू आणल्या होत्या.

"कियाना," ती म्हणाली. "के, वाय, डबल ए, एन, डबल ए. आमच्याकडे एक मॅडम आहेत, नंबर काढून देतात. पुढचं वेटिंग सहा महिन्यांचं आहे, पण माझी ओळख आहे."

"अर्थ?" बाबांनी विचारलं.

"अर्थ पण आहे, अंकल. कुठल्या तरी बेटावरच्या भाषेत चंद्राची देवी."

"कुठल्या बेटावरच्या?"

"ते मॅडमना माहीत."

बाबांनी चष्मा पुसला. पुसायची त्यांची एक पद्धत होती. पुसणं चालू असेपर्यंत समोरच्याला आपला अडाणीपणा कळावा अशी. मग खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं होतं आणि खाली व्युत्पत्ती.

"मृत्युंजया," ते म्हणाले.

माझ्या मांडीवर मुलगी झोपली होती. तिच्या अंगावरचा टॉवेलसुद्धा तिला जड होत होता, आणि हे नाव.

"मृत्यूवर जय मिळवते ती," बाबा म्हणाले. "नुसतं नाव नव्हे, मंत्र आहे. हाक मारता मारता संस्कार होईल."

"हाक मारून होईतो पोर शाळेतनं घरी यील," आई म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस."

मुरलीनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. माहेर आणि सासर समोरासमोर बसलं की आम्ही दोघं घुगऱ्या मोजायचो.

दादा इतका वेळ झोपाळ्यावर बसून ऐकत होते. नव्वदीकडे झुकलेला माणूस, पण पाय जमिनीला लावून झोका द्यायची ताकद होती. त्यांनी झोका थांबवला.

"मास्तर, आमच्यात नावाला एवढी मेहनत करत न्हाईत," ते म्हणाले. "कॅलेंडर बघायचं. पोह महिन्यात, म्हणजे तुमच्या पौषात झाला, पोहूमल. जेठात झाला, जेठानंद. आमचा खापरपणजा चेतात झाला, चैत्रात, तो चेतूमल. म्हणून आम्ही सगळे चेतवानी. एका माणसाच्या वाढदिवसावर सात पिढ्या पोट भरतात."

"हेच मी व्याख्यानात सांगतो," बाबा म्हणाले. "ह्याला नाव म्हणत नाहीत. ही नोंद झाली."

"ऐका तर. नवसानं मागून घेतला तर मंघणमल. मंघण म्हणजे मागणं. जत्रेत नेऊन धान्यानं तोलला तर तोलाराम. वाढू दे म्हणून वाधूमल. हौसेचा असला तर कोडूमल. आईबापाला जे वाटलं ते सरळ सांगून टाकायचं. देवाला संस्कृत येतं हे आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई."

"आणि प्रत्येकाच्या शेवटी ते मल. संस्कृतात मल म्हणजे काय, माहीत आहे का दादा तुम्हाला?"

मुरलीनं डोळे मिटून घेतले.

"माहीत आहे की," दादा म्हणाले. "पण आमचा तो न्हाई. आमचा मल म्हणजे मल्ल, पैलवान. कोल्हापुरात जन्म काढून पैलवान ओळखू येईना का, मास्तर?"

आईनं पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाले, "असो." हरल्यावर ते नेहमी असो म्हणायचे.

पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "ठीक आहे. पोहूमल कळलं, तोलाराम कळलं. आता तुमचं नाव सांगा. कौडोमल. अर्थ काय?"

"कौडो म्हणजे कडू."

"म्हणजे कडू पैलवान," बाबा म्हणाले आणि आमच्याकडे बघून हसले. हे वाक्य आता व्याख्यानात जाणार हे मला तिथंच कळलं.

"व्हय," दादा म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. "माझ्या आधी तिघं झाली. एक रूपचंद, एक मोतीराम, एक बहीण, सुंदरी. नावं बघा की, कशी गोड. तिघंही गेली. मी झालो तवा आई म्हणाली, ह्याचं नाव कौडो. त्यानं तोंडात घातला तर थुंकून टाकंल." 'त्यानं' म्हणताना दादांनी वर छताकडे बोट केलं. "त्यानं थुंकून टाकला. ह्या वयाला पोचलो. म्हणून म्हणतो, ह्या पोरीला कौडी म्हणा. दुबईचं नाव मागनं ठेवा, पेपरात छापा, कुणाची ना न्हाई. पण अजून दोन वरीस कौडी म्हणा."

कांचन म्हणाली, "दादा, प्लीज. आजकाल कोण असं ठेवतं?"

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी कुणी सांगितलं असतं की हिला घुबड म्हण म्हणजे जगेल, तर मी घुबड म्हटलं असतं. पण बाबांच्या समोर ते म्हणायची सोय नव्हती. त्यांनी मला लहानपणी मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच रस्त्यानं पुन्हा चालायला लावलेलं होतं.

बाबा उभे राहिले. उभं राहिल्याशिवाय त्यांना मोठं बोलता येत नसे.

"दादा, तुमच्या वयाचा मान राखून सांगतो. ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. यम म्हणून कुणी बसलेला नाही, तो नावं वाचत नाही. कडू नावानं मूल वाचलं असतं तर दवाखाने कशाला काढले असते? माझ्या नातीचं नाव मी भीतीपोटी ठेवू देणार नाही. तिचं नाव मृत्युंजयाच राहील."

"का?" दादांनी विचारलं.

"का म्हणजे?"

"यम बसलेला न्हाई, तर त्याला जिंकायचं कशाला? शारदा ठेवा, कमल ठेवा. मृत्युंजयाच का?" दादा शांतपणे झोपाळ्यावर मागं रेलले. "मास्तर, तुम्ही बी त्यालाच सांगताय. फक्त संस्कृतात."

बाबांच्या हातात ते कार्ड होतं. त्यांनी ते आधी वाचल्यासारखं केलं, मग उलटं करून बघितलं. कांचनला वाटलं आता आपली संधी आहे, आणि तिनं पुन्हा डबल एचा हिशेब सुरू केला. मग मुरली मधे पडला, त्याला दोन्ही नावं एकत्र करता येतील का असं वाटत होतं. कियानामृत्युंजया असं काहीतरी तो म्हणाला आणि सगळे त्याच्यावर घसरले.

ह्या सगळ्या कालव्यात मुलगी उठली. तिची दुधाची वेळ झाली होती. मी कोपऱ्यात सरकून वाटी-चमच्यानं तिला पाजायला घेतलं. पहिले दोन चमचे नीट गेले. तिसऱ्याला तिला ठसका लागला. लहानसाच. मी थांबले. ती पुन्हा ठसकली, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ओठ आधी पांढरे झाले, मग जांभळे. मला ओरडायचं होतं. इकडे माणसं अर्थ सांगत होती, आणि माझ्या मांडीवर अक्षयच्या वेळचाच रंग चढत होता. माझ्या घशातून "मम्मी" एवढंच निघालं, आणि तेही मलाच ऐकू आलं असेल.

पण मम्मी स्वयंपाकघराच्या दारात होत्या, त्यांनी बघितलं. हातातली परात त्यांनी तिथंच सोडली. त्या आवाजानं सगळे वळले. मम्मींनी मुलीला माझ्याकडून अक्षरशः हिसकावलं, स्वतःच्या हातावर पालथं घातलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर थाप मारली. काही झालं नाही. दुसरी मारली. तिचे पाय लोंबत होते. कांचन रडायला लागली. मुरली डॉक्टर, डॉक्टर म्हणत जिन्यातून खाली पळाला, चप्पल न घालता.

आणि बाबा आले. मला वाटलं मम्मींना बाजूला करतात की काय. ते मम्मींच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले, धोतराची पर्वा न करता, सांडलेल्या दुधात. वाकून त्यांनी आपलं तोंड त्या पालथ्या पोरीच्या कानाशी नेलं.

"धोंडे," ते म्हणाले. "ए धोंडे. हितं बग. कुटं न्हाई जायाचं. दगूड हायस तू, दगूड. कुनाच्या बापाच्या दातानं फुटायची न्हाईस. ऐकतीस का? धोंडे, ए माजे धोंडे..."

हा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आमच्या घरात न्हाई म्हटलं तर नाही म्हणून दहा वेळा लिहावं लागायचं. मला वाटलं दुसराच कुणीतरी खेडूत म्हातारा बाबांच्या अंगात शिरून बोलतोय.

मम्मींनी तिसरी थाप मारली. दुधाची गुठळी बाहेर पडली, मागून पाणी, आणि मग रडं. इतकं चिरकं, इतकं संतापलेलं रडं की खालच्या दुकानातले नोकर जिन्यात आले.

त्यानंतरचा थोडा वेळ मला नीट आठवत नाही. मुलगी माझ्या छातीशी होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, एवढंच आठवतं. डॉक्टर येऊन तपासून गेले, म्हणाले, वेळेवर पालथं केलं म्हणून वाचली, आजींना विचारून शिका. मुरली जिन्याच्या पायरीवर बसून राहिला होता, त्याला कुणीतरी वर आणलं. आईनं फरशी पुसली. बाबा खुर्चीवर बसले होते, आणि त्यांचं मृत्युंजयेचं कार्ड दुधात भिजून पाळण्याखाली पडलं होतं.

सगळं शांत झाल्यावर कांचननं विचारलं, "अंकल, ते धोंडे काय होतं? मंत्र होता?"

"काही नाही," बाबा चष्मा शोधत म्हणाले. "गडबडीत तोंडातून गेलं."

"ह्यांचं नाव," आई म्हणाली. पोतेरं पिळता पिळता, वर न बघता. "धोंडीराम. ह्यांच्या आधी चौघं गेली. सासूबाईंनी मग हे पोटात असतानाच देवापुढं धोंडा ठेवला आणि झाल्यावर तेच नाव दिलं. हे लहानपणी तापानं फणफणले की सासूबाई रात्रभर कानात तेच म्हणायच्या. दगूड हायस तू, दगूड. मला त्यांनीच सांगितलं होतं, पहिलं बाळंतपण झालं तेव्हा."

मी बाबांकडे बघितलं. श्री. धनंजय सासने. समाजाच्या कपाळावरचा डाग.

"मग बदललं कधी?" मी विचारलं.

"नोकरीला लागल्यावर बदलायचं होतं," बाबा म्हणाले. "पोरं फळ्यावर धोंडा काढून ठेवायची. गॅझेटात द्यायला अर्जसुद्धा तयार होता. पण आई होती तोवर धीर झाला नाही. ती गेली, मग दिलं."

"का धीर झाला न्हाई?" दादांनी विचारलं.

"तिला वाईट वाटलं असतं म्हणून."

दादा उठले, काठी न घेता दोन पावलं चालले आणि बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मला वाटलं आता हसतील. मी त्यांच्या जागी असते तर हसले असते.

"चौघं गेली होती?" दादांनी विचारलं.

"चौघं."

"माझी तिघं. म्हणून माझ्या आईचं कडूवर भागलं," दादा म्हणाले. "तुमच्या आईला दगड लागला."

बाबांचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले, पण चष्मा डोळ्यावर नव्हता, तो आईच्या हातात होता. ते नुसताच रुमाल चोळत बसले. दादांनी मम्मींना खूण केली. मम्मी पाणी आणि पापड घेऊन आल्या. बाबांनी एक अक्षर न बोलता पापड खाल्ला.

बारसं राहिलंच होतं. कांचन पाळण्यापाशी उभी राहिली आणि बिचारी गोंधळली. "मग मी कानात काय सांगू?"

"धोंडू," बाबा म्हणाले.

"कौडी," दादा म्हणाले.

"दगड बरा," बाबा म्हणाले. "माणूस कडू एखादवेळी गिळतो. औषध गिळतोच की."

"दगड गिळत न्हाई, पण उचलून नेतो," दादा म्हणाले. "कडूला हात कोण लावतो?"

"चावला तर दात पडेल ना दादा. पुन्हा ह्या घराकडे फिरकणार नाही."

दोघं म्हातारे अगदी गंभीरपणे, दुकानात कापडाचा पन्हा ठरवावा तसे, कुठलं नाव जास्त टिकेल ते ठरवत होते. मुरली माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुझे बाबा बरे आहेत ना?" मी म्हटलं, "आजच बरे झालेत."

शेवटी मम्मी म्हणाल्या, "दोन कान आहेत तिला. एकात एक सांग." कांचननं तसंच केलं, आणि आम्ही कुर्रर्र म्हणत कांचनच्या पाठीवर थापा मारल्या.

शाळेच्या दाखल्यावर पुढं मी चारू लिहिलं. त्याचा अर्थ काय असेल तो असो, मी पुस्तकात बघितलेला नाही.

बाबा सुधारले असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. पुढच्याच रविवारी जयसिंगपूरला त्यांचं व्याख्यान होतं. आई सोबत गेली होती. आई म्हणाली, एक वाक्य गाळलं नाही. दगडू, धोंडू, केरू, समाजाच्या कपाळावरचा डाग, सगळं म्हटलं, आणि टाळी पडल्यावर पाणी प्यायले. सिंधी नावांवरचा परिच्छेद तेवढा नव्हता. सत्काराची शाल आणि नारळ घेऊन दोघं परतीच्या एसटीनं निघाली. घरी जायचं सोडून बाबा म्हणाले, गांधीनगरला उतरू.

मी सज्जात मुलीला घेऊन उभी होते. खाली दुकानं उघडी, हमाल गठ्ठे चढवतायत, गिऱ्हाईकं रिक्षा शोधतायत, अशी भर बाजाराची वेळ. त्या गर्दीत गळ्यात शाल आणि हातात नारळ घेतलेले बाबा मधोमध थांबले आणि तोंड वर करून त्यांनी हाक मारली.

"धोंडे, ए धोंडे! दूध प्यालीस का गं?"

हमाल थांबले. समोरचे साडीवाले गल्ल्यावरून उठून बाहेर आले. आई चार पावलं मागं, आपण ह्यांच्यातले नव्हेच असं दाखवत.

"बाबा, हळू," मी वाकून म्हटलं. "अख्खा बाजार ऐकतोय. वर या आणि मग बोलवा की तिला."

"हळू बोलून कसं भागेल?" बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. पोरीकडेही नव्हे. आमच्या दोघींच्या डोक्यावरून, गच्चीच्याही वर कुठंतरी त्यांची नजर होती. "ऐकू जायला नको का?"

"कुणाला?"

बाबांनी शाल सावरली, नारळ आईच्या हातात दिला आणि पुन्हा एकदा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्यानं.